पोर्तुगालमध्ये नवीन: ॲपवरचं पोर्तुगीज काउंटरवर उपयोगी पडत नाही, सुरुवात कुठून करू?

तेजोकाठ

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त लिस्बनला राहायला आलो आहोत. येण्याआधी डुओलिंगोवर पोर्तुगीज केलं होतं. वाचलेलं बरंचसं समजतं, मी बोललेलं समोरच्याला कळतं, पण समोरचा बोलू लागला की सगळं डोक्यावरून जातं. सुपरमार्केटमध्ये पैसे देताना गल्ल्यावरची बाई एका दमात तीन-चार प्रश्न विचारते. दुकानात जरा अडखळलं की लगेच इंग्रजी सुरू होतं, आणि सरकारी कार्यालयात जिथे इंग्रजी हवं तिथे ते नसतं.

कान तयार कसा करायचा? सरकारी क्लास असतो म्हणे, तो बरा की ए२ ची (भाषेच्या प्राथमिक पातळीची) परीक्षा थेट द्यावी? निफ (करदाता क्रमांक) मिळालाय, बाकीचे कागद कोणत्या क्रमाने करायचे? इथे लोकांना 'तू' म्हणायचं की 'तुम्ही', तेही कळत नाही. शिवाय घर आतून गारठलेलं असतं, भिंतीला बुरशी येतेय, आणि ओव्हन लावला की वीज जाते. आम्ही शाकाहारी आहोत, तेव्हा त्याबद्दलही सांगा. प्रश्न फार झाले, पण ज्याला जे माहीत असेल ते लिहा.

कानसेन

तुमची अडचण भाषेची कमी आणि कानाची जास्त आहे. डुओलिंगोवर फक्त ब्राझीलचं पोर्तुगीज मिळतं. शब्द आणि व्याकरण फुकट गेलेलं नाही, पण ब्राझीलचे लोक स्वर मोकळे सोडतात आणि इथले लोक आघात नसलेले स्वर गिळतात. त्यामुळे ओळखीचा शब्दही अर्धाच कानावर पडतो.

काय गिळलं जातं याचे नियम मोजके आहेत. आघात नसलेला 'ए' जवळपास नाहीसा होतो. पाटीवर 'तेलेफोने' वाचाल, ऐकू 'त्लफोन' येईल. 'पेकेनो' चं 'प्केनु' होतं, 'एस्ता' चं नुसतं 'श्ता'. आघात नसलेला 'ओ' म्हणजे 'उ'. अक्षराच्या शेवटी आलेला 'स' म्हणजे 'श'. पण पुढचा शब्द स्वराने सुरू झाला, की तोच 'स' इंग्रजी झेडसारखा होऊन पुढच्या शब्दाला चिकटतो. 'आणखी काही?' हा प्रश्न सुटा लिहिला तर 'माइश आल्गूम कोइझ' आहे, कानावर मात्र 'माइझाल्गूम्कोइझ' असा एकच लांबलचक शब्द येतो. पुस्तकात शोधून तो सापडत नाही.

काही गोष्टी मराठी माणसाला आयत्या मिळतात, त्यांचा फायदा घ्या. आपला अ आणि आ यांच्यातला भेद इथे जसाच्या तसा चालतो. 'फलमुश' म्हणजे आम्ही बोलतो आणि 'फलामुश' म्हणजे आम्ही बोललो. इंग्रजी मातृभाषेच्या माणसाला हे जड जाऊ शकतं. आपले दंत्य त आणि द नेमके हवे तसे आहेत. फक्त इंग्रजीच्या सवयीने 'तूदु' (सगळं) चं 'टूडो' करू नका. नाकातल्या स्वरांना मात्र मेहनत लागते: 'नांव' (नाही), 'पांव' (ब्रेड), 'कर्तांव' (कार्ड). शेवटी ओठ मिटून म काढला किंवा जीभ टेकवून न काढला, की चुकलं. स्वर नाकातून सोडून तोंड उघडंच ठेवायचं. मालवणी किंवा कोकणी ज्यांच्या घरात आहे त्यांना हे लवकर जमतं. अनुनासिक सुटला तर 'पांव' चा 'पाउ' होतो, म्हणजे बेकरीत तुम्ही काठी मागता.

सरावासाठी आरटीपी प्ले घ्या, सरकारी वाहिनीचं फुकट ॲप आहे. सुरुवातीला बातम्या नकोत, त्यांचे शब्द काउंटरवर लागत नाहीत. 'झिग झॅग' हा मुलांचा विभाग घ्या, कार्टूनला इथलाच आवाज असतो. तीस-चाळीस सेकंदांचा तुकडा निवडा. मजकूर न बघता तीनदा ऐका आणि जे कानावर पडलं ते देवनागरीत लिहा. अर्थ लागला नाही तरी आवाज लिहा. मग तो तुकडा थोडा थोडा थांबवत शब्द सुटे करा, शंका आली तर प्रिबेराम शब्दकोशात बघा, आणि कुठला स्वर गिळला गेला तिथे खूण करा. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा पुन्हा घ्या. तुकडा मोठा घेतला की मेंदू संदर्भावरून अंदाज बांधून पुढे पळतो आणि गिळलेला स्वर हाती लागत नाही. इंग्रजी मालिकांचा इथे ऐकण्यासाठी उपयोग नाही. मुलांचे कार्यक्रम सोडले तर पोर्तुगालमध्ये परदेशी चित्रपट-मालिका डब करत नाहीत, खाली मजकूर देतात. वाचनाचा सराव होईल, कानाचा नाही. लोकांना इंग्रजी इतकं सहज येण्यामागेही हेच एक कारण आहे.

आता गल्ला. तिथे पाठ करायचे ते प्रश्न, उत्तरं नव्हे. उत्तर बहुतेक वेळा हो किंवा नाही एवढंच असतं. प्रश्न ठरलेले आहेत, फक्त क्रम बदलतो:

'तॅंय कर्तांव?' म्हणजे दुकानाचं सवलत कार्ड आहे का.
'केर साकु?' म्हणजे पिशवी हवी का. पिशवीचे पैसे पडतात.
'कोंत्रिब्वींत?' म्हणजे पावतीवर निफ टाकायचा का. कधी 'नूमरु द कोंत्रिब्वींत न फातूर?' असा पूर्ण प्रश्न येतो, कधी नुसतं 'निफ?'.
'मुल्तिबांकु?' म्हणजे कार्डाने देणार का.

ब्राझीलच्या अभ्यासक्रमात तिसरा आणि चौथा प्रश्न सापडत नाही, आणि नवीन माणूस तिथेच गडबडतो. निफ नऊ आकडी असतो, तो तीन-तीनच्या गटात सांगा किंवा मोबाइलवर लिहिलेला दाखवा. नको असेल तर 'नांव, ओब्रिगाद'. बोलणारा पुरुष असेल तर 'ओब्रिगादु'. रेस्टॉरंट, केशकर्तनालय, गाडीदुरुस्ती यांच्या पावतीवर निफ टाकला की व्हॅटचा काही भाग आयकरात वजा होतो. त्यासाठी पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कर खात्याच्या ई-फातूरा पोर्टलवर पावत्या तपासाव्या लागतात.

आकड्यांत 'ससेंत' (६०) आणि 'सतेंत' (७०) यांची गल्लत सर्वांत जास्त होते, कारण पहिला स्वर गिळून 'स्सेंत' आणि 'स्तेंत' एवढंच उरतं. मधला त ऐकू आला का, तेवढंच बघायचं.

लोक इंग्रजीवर उतरतात ते तुमची कीव करून नाही, रांग पुढे सरकावी म्हणून. तेव्हा रांग नसलेली जागा आणि वेळ निवडा: दुपारी तीनची फार्मसी, मंडईतला भाजीवाला, शेजारची म्हातारी. वाक्य जुळवताना गप्प बसलात की समोरचा इंग्रजी काढतो, म्हणून रिकामी जागा 'ऑल्य...' किंवा 'एंतांव...' ने भरा. आपण 'हे बघा' किंवा 'तर मग' म्हणतो तसंच. समोरचा बोलत असताना अधूनमधून 'पोइश' म्हणा, आपल्या 'हं, बरोबर' सारखं. एवढ्यानेही तो पोर्तुगीजवर टिकतो. आणि कळलं नाही तर 'पोद रपतीर माइश दवगार, स फाश फवोर?' म्हणजे सावकाश पुन्हा सांगाल का. न कळता मान हलवणं सगळ्यांत घातक, कारण समोरचा हो समजतो.

कागदीघोडे

निफ झालाय म्हणजे पहिला दरवाजा उघडला. पुढचा क्रम असा ठेवा.

आधी नाव तपासा. हा मुद्दा लहान वाटतो, पण मराठी नावांचा घोळ इथेच होतो. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी आपली तीन पदरी रचना इथल्या 'नोम प्रॉप्रियु' (स्वतःचं नाव) आणि 'अप्लीदु' (आडनाव) या दोन रकान्यांत बसत नाही. एका कार्यालयात मधलं नाव पहिल्या रकान्यात जातं, दुसरीकडे आडनावात, तिसरीकडे गाळलं जातं. मग बँक आणि सामाजिक सुरक्षा कार्यालय तुम्हाला दोन वेगळी माणसं समजतात. पासपोर्टवर जसं आहे त्याच विभागणीने आणि स्पेलिंगने सगळीकडे लिहा. काउंटरवरून उठण्याआधी छापील कागदावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. 'फिलियासांव' असा रकाना आला तर तिथे आईवडिलांची नावं द्यायची.

मग पत्ता. निफ भारतातल्या पत्त्यावर काढलेला असेल तर रहिवासी झाल्यावर फिनांसश, म्हणजे कर कार्यालयात, तो बदलून घ्या. कार्यालयाची टपालाने येणारी पत्रं, पोर्टलच्या पासवर्डचं पत्रसुद्धा, नोंदवलेल्या पत्त्यावर जातात. पत्त्यात मजल्यानंतर 'श्केर्दु' (डावीकडचा), 'दिरैतु' (उजवीकडचा) किंवा 'फ्रेंत' (समोरचा) लिहायलाच हवं. बऱ्याच इमारतींत टपालपेट्यांवर नावं नसतात, मजला आणि बाजू असते. 'रेझ-दु-शांव' म्हणजे तळमजला. पाटीवर आर आणि सी अशी दोन अक्षरं तिरक्या रेघेने जोडलेली दिसतात. रेसिडेन्स कार्ड रजिस्टर्ड टपालाने येतं. पोस्टमनला कोणी भेटलं नाही तर तो चिठ्ठी टाकून जातो आणि पत्र टपाल कार्यालयात ठरावीक दिवसच ठेवतात. चिठ्ठी दिसली की त्याच आठवड्यात पासपोर्ट घेऊन जा.

घराचा करार मालकाने फिनांसशमध्ये नोंदवला आहे ना, ते विचारा आणि दर महिन्याची इलेक्ट्रॉनिक पावती मागा. नोंदणी नसेल तर राहण्याचा पुरावा म्हणून तो करार बऱ्याच ठिकाणी कुचकामी ठरतो. रहिवासाचा दाखला झुंता द फ्रेगझीया, म्हणजे प्रभागाच्या कार्यालयात मिळतो. काही झुंता करारावर देतात, काही त्या प्रभागात मतदार म्हणून नोंद असलेले दोन साक्षीदार मागतात. जाण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघा.

निस हा सामाजिक सुरक्षेचा अकरा आकडी क्रमांक. नोकरी करणार असाल तर तो लागतोच. उतेंत क्रमांक आरोग्यसेवेचा, तो जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळतो. कुटुंबाचा ठरलेला डॉक्टर लगेच मिळेलच असं नाही, अनेक ठिकाणी डॉक्टर कमी आहेत. क्रमांक मात्र त्याशिवायही देतात. तब्येत बिघडली तर थेट इमर्जन्सीत जाण्याआधी सरकारी आरोग्य हेल्पलाइनला, ८०८ २४ २४ २४ ला, फोन करा. तिथून पाठवलं तर इमर्जन्सीचं शुल्क लागत नाही. जिवावरचं असेल तर ११२. डॉक्टरची चिठ्ठी एसएमएसने येते. त्यात औषधपत्राचा क्रमांक आणि सोबत दोन कोड असतात. फार्मसीत तोच मेसेज दाखवायचा, तेव्हा तो पुसू नका.

स्थलांतराचं सगळं काम आइमा या सरकारी संस्थेकडे आहे. २९ ऑक्टोबर २०२३ पासून तिने सेफ या जुन्या स्थलांतर खात्याची जागा घेतली. जुन्या लेखांत सेफच्या सूचना आणि पत्ते दिसले की ते लेख बाजूला ठेवा. पर्यटक म्हणून येऊन मग इथूनच रहिवासाचा अर्ज टाकण्याची वाटही जून २०२४ मध्ये बंद झाली आहे, त्यावरचे व्हिडिओ अजून फिरतात. भारतातले जन्म-विवाह दाखले परराष्ट्र मंत्रालयाच्या अपॉस्टिलसह (कागद परदेशात ग्राह्य ठरवणाऱ्या शिक्क्यासह) आणा आणि भाषांतर प्रमाणित करून घ्या.

अपॉइंटमेंटच्या बाबतीत दोन खोडे ठरलेले. पहिला वारांचा. सोमवार म्हणजे 'सगुंद-फैर', शब्दशः दुसरा. आपण सोमवार पहिला धरतो, त्यामुळे 'तेर्स' (तिसरा) ऐकून लोक बुधवारी जाऊन उभे राहतात. रविवारपासून मोजायला लागा: तेर्स मंगळवार, क्वार्त बुध, कींत गुरू, सैश्त शुक्र. दुसरा खोडा, 'दकी अ ओइतु दीअश', शब्दशः आठ दिवसांनी. त्याचा अर्थ पुढच्या आठवड्यात याच वारी. 'कींझ दीअश' (पंधरा दिवस) म्हणजे बरोबर दोन आठवडे. आपल्याकडे 'आठ दिवसांनी या' म्हणतात तसंच आहे, फक्त इथे ते काटेकोर असतं.

कार्यालयात शिरल्यावर आधी यंत्रातून 'सेन्य' (टोकन) घ्या. यंत्रावर कामाच्या प्रकाराप्रमाणे वेगळी अक्षरं असतात. चुकीचं अक्षर घेतलं तर दोन तास बसूनही काउंटरवरून परत पाठवतात. शंका असेल तर बटण दाबण्याआधी दारावरच्या सुरक्षारक्षकाला विचारा, त्याला सगळं पाठ असतं. ऑगस्टमध्ये शक्यतो काही काढू नका, निम्मा देश सुट्टीवर असतो.

पैशांबद्दल एवढंच: काही छोट्या दुकानांत फक्त मुल्तिबांकु जाळ्यातलं पोर्तुगीज कार्ड चालतं, भारतीय व्हिसा-मास्टरकार्ड नाही. इथल्या बँकेचं खातं निघेपर्यंत रोख जवळ ठेवा. बिलावर पाच आकडी 'एंतिदाद', नऊ आकडी 'रफरेंसिअ' आणि रक्कम दिसली तर ते एटीएमवरून किंवा बँकेच्या ॲपवरून भरायचं असतं.

शुद्धलेखन

कानसेन यांच्या उत्तरात एक पुस्ती. 'फलमुश-फलामुश' हा भेद लिस्बनकडे आणि प्रमाण भाषेत पक्का आहे, पोर्तो आणि उत्तरेत मात्र दोन्ही बहुधा 'आ' नेच ऐकू येतील. तिकडे संदर्भावरच काळ ओळखावा लागतो.

तू-तुम्हीबद्दल. 'तु' हा मित्र, घरचे, समवयस्क सहकारी आणि मुलं यांच्यासाठी. ब्राझीलच्या ॲपमध्ये सर्रास येणारा 'वोसे' इथे जपून. मोठ्या वयाच्या किंवा अनोळखी माणसाला तो उद्धट वाटू शकतो. त्यांना 'उ सन्योर' किंवा 'अ सन्योरा'. यापेक्षा गंमत म्हणजे समोरच्याचं नाव घेऊन तृतीय पुरुषात बोलण्याची पद्धत. 'अ अनिता केर कफॅ?' हा प्रश्न अनिताबद्दल नसतो, अनितालाच असतो. तुमच्यासमोर तुमचंच नाव घेऊन कोणी बोललं तर उत्तर तुम्हीच द्यायचं. सुरक्षित मार्ग हा, की क्रियापद तृतीय पुरुषी ठेवा आणि सर्वनाम गाळा. 'केर कफॅ?' कोणालाही चालतं. पदवीधर अधिकाऱ्याला 'दोतोर', 'एंझन्यैरु' म्हणण्याची चाल अजून आहे. पत्रात ती पाळलेली बरी.

दवाखान्याच्या प्रतीक्षा खोलीत, लिफ्टमध्ये, छोट्या दुकानात शिरताना 'बों दिअ' म्हणायचंच. जेवणाची वेळ टळली की 'बोअ तार्द', अंधार पडला की 'बोअ नोइत'. न म्हणता थेट काम सांगितलं तर पुढचं सगळं बोलणं थंड होतं. फोन उचलताना समोरून 'श्तो?' येईल. तो प्रश्न नाही, आपला 'हॅलो' आहे.

व्याकरणात जिथे आपण 'मला' वापरतो तिथे पोर्तुगीजही बऱ्याचदा तसंच वागतं. 'दॉइ-म अ कबेस' (माझं डोकं दुखतंय), 'अपतॅस-म उं कफॅ' (मला कॉफी घ्यावीशी वाटतेय), 'परॅस-म' (मला वाटतं), 'फाल्त-म' (मला कमी पडतंय). हे साचे इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून सरळ येतात. नकार आला की 'म' पुढे उडी मारतो: 'नांव म अपतॅस'. अपवाद आवडण्याचा. तिथे 'गॉश्तु' नंतर 'द' लागतंच आणि तेच हमखास विसरतं.

भाषांतराच्या ॲपमध्ये पोर्तुगालचं पोर्तुगीज असा पर्याय वेगळा निवडा. नाहीतर रेल्वेला 'कोंबॉयु' ऐवजी 'त्रेंय' येतं, बसला 'आउतोकारु' ऐवजी 'ओनिबुस'. कोणी अडवणार नाही, पण स्टेशनवरच्या पाट्या जुळत नाहीत.

परीक्षा आणि क्लास: पाच वर्षांनंतरच्या कायमच्या रहिवासासाठी ए२ पातळीचा पुरावा लागतो, नागरिकत्वासाठीही लागतो. त्याचे मुख्य मार्ग दोन. लिस्बन विद्यापीठाचं काप्ले केंद्र सिप्ले नावाची परीक्षा घेतं. वाचन आणि लेखन मिळून ४५ टक्के, ऐकणं ३० टक्के, बोलणं २५ टक्के, आणि उत्तीर्ण व्हायला एकूण ५५ टक्के. तुमचं वाचन बरं आहे, म्हणजे गुण ऐकण्यात जातील. दुसरा मार्ग सरकारी क्लास, 'पोर्तुगेश लींग्व द अकुल्यिमेंतु', थोडक्यात पीएलए. २०२० च्या शासन-आदेशाने आलेला, पूर्ण मोफत. ए१ आणि ए२ मिळून १५० तास, पुढे बी१-बी२ चे आणखी १५०. सरकारी शाळा आणि आयईएफपी या सरकारी रोजगार संस्थेच्या प्रशिक्षण केंद्रांत चालतो. हजेरी आणि मूल्यमापन पुरं केलं की ए२ चं प्रमाणपत्र मिळतं आणि सिप्ले द्यावी लागत नाही. माझं मत पीएलएच्या बाजूने आहे. पैसे वाचतात हे खरं, पण त्याहून मोठा फायदा हा की वर्गात नाना देशांची माणसं असतात आणि एकमेकांशी बोलायला पोर्तुगीजच उरतं. तोटा एकच, जागा लवकर भरतात. दोन-तीन ठिकाणी नाव नोंदवून ठेवा.

वरणफळ

शाकाहाराचं वाक्य नीट पाठ करा, कारण 'सांय कार्न' (मांसाशिवाय) म्हटलं की मासा येतो, कधी हॅम येतो. इथे 'कार्न' मध्ये मासा मोजत नाहीत. म्हणायचं 'नांव कोमु कार्न नेंय पैश', म्हणजे मांसही नाही, मासाही नाही. 'लेव शोरीसु?' म्हणजे यात सॉसेज घातलंय का, हा प्रश्न सूपसाठी. काल्दु वेर्द हे सूप दिसायला पालेभाजीचं, पण वर सॉसेजची चकती असते. भाजीच्या सूपलाही कधी हाडांचा रस्सा असतो, तेव्हा विचाराच.

न मागता टेबलावर आलेला ब्रेड, ऑलिव्ह, चीज म्हणजे 'कुवॅर'. हात लावला तर पैसे, नको असेल तर लगेच परत पाठवा. न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या पदार्थाचे पैसे लावता येत नाहीत, तसा कायदा आहे.

पोळीसाठी पिठाच्या पुड्यावरचा आकडा बघा. टी ५५ आणि ६५ म्हणजे मैद्याच्या जवळचं, टी १५० म्हणजे कोंड्यासकट. दोन वाट्या १५० आणि एक वाटी ६५, कोमट पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. नुसतं १५० घेतलं तर जाड कोंड्यामुळे पोळीच्या कडा फाटतात, नुसतं ६५ घेतलं तर ती गार झाल्यावर चिवट होते. कोथिंबीर ('कुएंत्रुश') कुठेही मिळते, इथल्या स्वयंपाकात भरपूर वापरतात. डाळी, हिंग, पोहे लिस्बनच्या मार्तीं मोनीझ चौकाभोवतीच्या दुकानांत. गुळाची अडचण पडली तर ब्राझिलियन 'रपदूर' चालतो. आणि भाजीवाल्याकडे आपल्या शब्दांवर विसंबू नका. 'पेर' मागितलं तर नासपती मिळेल, आपला पेरू तिथे 'गोयाब' आहे.

फ्यूज_गेला

वीज जाते त्याचं कारण बिलावर लिहिलेलं असतं, 'पोतेंसिअ कोंत्रतादा' शोधा. छोट्या घरांत बहुधा ३.४५ केव्हीए असतं, म्हणजे साधारण १५ अँपिअर. ओव्हन दोन-अडीच हजार वॅट, किटली दोन हजार. दोन्ही एकदम लावलं की मर्यादा ओलांडली. हीटर आणि वॉशिंग मशीनचंही तेच. एकावेळी एकच लावा किंवा वीज कंपनीला सांगून ४.६ नाहीतर ६.९ करून घ्या. स्मार्ट मीटर असेल तर माणूस घरी यावा लागत नाही, पण रोजचा स्थिर आकार वाढतो. 'बी-ओरारीअ' (दोन वेळांचा वेगळा) दर घेतलात तर त्याच्या दैनिक चक्रात, म्हणजे रोज सारख्याच वेळा असलेल्या प्रकारात, रात्री १० ते सकाळी ८ वीज स्वस्त पडते, तेव्हा मशीन टायमरवर रात्री लावायचं.

गारठा आणि बुरशी हे जोडीने येतं. जुन्या इमारतींना भिंतीत उष्णतारोधक थर नसतो, सेंट्रल हीटिंग क्वचित. आतली दमट हवा गार भिंतीला लागली की पाणी सुटतं आणि बुरशी धरते. नुसता गॅस हीटर लावून भागत नाही, गॅस जळताना आणखी वाफ सोडतो. 'दझुमिदिफिकदोर' (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) घ्या आणि आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा. रोज दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा, पाऊस नसेल तेव्हा. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर. आलेल्या बुरशीवर पातळ केलेलं 'लिशीविअ' (ब्लीच) लावा, खिडकी उघडी ठेवून. व्हिनेगर किंवा अमोनियाचं दुसरं काहीही त्यात मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

तेजोकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वारांचा घोळ वाचून डोक्यात प्रकाश पडला. दोन गोष्टी राहिल्या: भारतातून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर आणि मिक्सर इथे चालेल का? आणि पीएलएला जागा मिळेपर्यंत बोलायचा सराव कुठे करू?

फ्यूज_गेला

मिक्सर चालतो, इथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे. फक्त प्लग वेगळा, गोल दोन पिनांचा. ॲडॅप्टर घेताना अर्थिंगवाला घ्या आणि त्यावरचे अँपिअर बघा, प्रवासातले स्वस्तातले ॲडॅप्टर मिक्सरच्या झटक्याला वितळतात. कुकरचं शेगडीवर अवलंबून आहे. काचेची शेगडी दोन प्रकारची असते. 'वित्रोसरामिक' असेल तर ॲल्युमिनियम चालतं, बूड सपाट हवं. 'इंदुसांव' असेल तर ॲल्युमिनियम तापणारच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तर चालेल, नाही चिकटला तर स्टीलचा इंडक्शनवाला कुकर घ्या. शेगडी लावून बघितली आणि लालसर झाली तर वित्रो, काच तशीच राहिली तर इंडक्शन.

कानसेन

सरावासाठी नगरपालिकेची वाचनालयं बघा, काहींमध्ये परदेशी लोकांसाठी फुकट गप्पांचे गट चालतात. आइमाची ऑनलाइन पोर्तुगीज शिकवणीही मोफत आहे आणि ती इथल्या उच्चारांची आहे. भाषा-अदलाबदलीला कोणी भेटलं तर पहिली पंधरा मिनिटं इंग्रजी आणि पुढची पंधरा पोर्तुगीज असं घड्याळ लावून ठरवा. उलटं केलं की पोर्तुगीज संपल्यावर माणूस इंग्रजीतच रमतो आणि पुढच्या वेळी सुरुवातही तिथूनच होते. विषयही आधीच ठरवा. 'आज फार्मसी', 'आज घरमालकाला फोन' असं. समोरच्याला सांगा की तू प्रश्न विचार, मी उत्तर देते, आणि सावकाश बोलू नकोस.